एप्रनचं ठिगळ

उल्हासनगरच्या कापडबाजारात एक रफूवाला बसायचा. फाटका कपडा हातात आला की तो उन्हाकडे धरायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, "खिळ्याला अडकला" किंवा "उंदरानं खाल्ला." कधी चुकला नाही.

लंडनमध्ये गरीब बायकांना सुरीनं मारणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या खुन्याच्या त्या खुनांना शंभर वर्षं झाली, त्या साली मला त्याचं वेडच लागलं होतं. पँट रफूला देताना मी ऐटीत सांगितलं, "खुन्यानं मेलेल्या बाईच्या एप्रनचा तुकडा कापून नेला आणि लांब टाकला. एप्रनला ठिगळ होतं, त्याची शिवण दोन्ही तुकड्यांवर जुळली, म्हणून तो तिचाच हे कळलं. सुरीनं कापलेला, म्हणजे खुनी डॉक्टरच!"

त्याची सुई थांबली नाही. "साहेब, सुरीनं कापलं एवढंच कापड बोलतं. सुरी कोणाची, ते नाय बोलत." मग त्यानं मान वर केली. "ठिगळ कोणी लावलेलं?"

इतकं वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. "तिनंच असेल. गरीब होती."

"म्हणजे तिला तो अजून लय दिवस वापरायचा होता," तो म्हणाला. "नाव काय तिचं?"

मला संशयितांची नावं तेवढी तोंडपाठ होती.