साच्याचे मोदक

संकष्टीला आमच्या प्रभादेवीच्या घरात उपास नवऱ्याचा असतो आणि जीव माझा जातो. मी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. चंद्रोदयाच्या आत मोदक ज्याच्या त्याच्या घरी पोचायला हवेत, आणि चंद्र सगळ्यांचा एकाच वेळी उगवतो. त्यामुळे इतकी वर्षं नवरा एकटाच ताटावर बसून उपास सोडायचा आणि मी ओट्याशी डबे भरत असायचे. तो कुरकुरणारा माणूस नाही. गेल्या संकष्टीला मात्र पहिला घास घेण्याआधी म्हणाला, "उपास माझा, आणि चंद्र तुझ्या गिऱ्हाइकांचा." हसत म्हणाला, पण मला लागलं.

म्हणून या वेळी मी साचे आणले. एरवी आमच्या घरात साचा म्हणजे शिवीच. पारी पातळ हवी, कळ्या बोटांनीच पाडायच्या, हे सासूबाईंनी मला ओरडून ओरडून शिकवलेलं. गिऱ्हाइकांना फसवायचं नव्हतं, म्हणून आदल्या दिवशीच प्रत्येकाला फोन करून सांगितलं की या खेपेला मोदक साच्याचे आहेत. कुणी नाराज होईल, निदान हळहळेल, अशी माझी तयारी होती. सगळे म्हणाले, चालेल हो, वेळेवर द्या म्हणजे झालं. एक बाई तर खूश झाल्या, सगळे एकसारखे दिसतील म्हणाल्या. मला असा राग आला. मग इतकी वर्षं मी बोटं कुणासाठी भाजून घेत होते?

काम भराभर उरकलं. दिवेलागणीलाच शेवटचा डबा गेला. ओटा पुसला, दोन ताटं मांडली, आणि मला बसवेना. समोरच्या टॉवरमुळे आमच्याकडे चंद्र दिसत नाही, म्हणून उगाच फोनवर चंद्रोदयाची वेळ दोनदा बघितली. घरच्यासाठी साच्याचे थोडे मोदक काढून ठेवले होते. ते बघवेनात. जगाला चालेल, पण घरच्या नैवेद्याला साचा?

पातेल्यात उकड उरली होती. ती घेऊन मी पुन्हा ओट्याशी उभी राहिले. गार उकडीची पारी चिरत होती. मोडायची, मळायची, पुन्हा करायची. नवरा घरी आला, आंघोळ करून आला, वेळ झाली म्हणाला. मी म्हटलं, दोनच मिनिटं. मग आणखी दोन.

शेवटी तो आत आला. साच्याचे मोदक उचलून त्याने देवापुढे ठेवले, नैवेद्य दाखवला आणि दोन्ही ताटांत वाढले.

"कळ्या राहू देत," तो म्हणाला. "तू बस."

मी बसले. त्याने मोदक फोडून वर तूप घातलं, आधी माझ्या ताटात, मग आपल्या. मला भूक लागली होती, तरी बोटं काही ऐकेनात. मांडीवरच्या ओढणीला चिमटे काढत ती कळ्याच पाडत होती. त्याने डाव्या हाताने माझी बोटं धरून ठेवली आणि उजव्याने जेवत राहिला.