सायकलवर, ओळखीची घरं चुकवून

कच्च्या रस्त्यानं सायकलवर दोन दिवस भटकायचं तर सुरुवात कशी करावी, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. ऑफिसातल्या मुली विचारतात, कॉलनीतले पेन्शनर विचारतात. टायर कुठले, बॅग कुठली, रोज किती अंतर, अशी त्यांच्या प्रश्नांची यादी तयार असते. मी सगळ्यांना आधी एकच सांगते: घरच्यांना रस्ता सांगू नका. ते हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करते आहे.

मी रायपुरात पाण्याच्या खात्यात नकाशे काढते. नहर, म्हणजे पुस्तकातला कालवा, कुठून निघतो, कुठं फाटतो, त्याच्या काठानं मुरमाचा रस्ता कुठवर धड आहे, हे सगळं मला घरबसल्या ठाऊक असतं. चार वर्षांपूर्वी सायकल घेतली आणि रविवारी त्या काठांनी हिंडायला लागले. एकदा दोन मैत्रिणींबरोबर तंबूत एक रात्र राहून आले आणि घरी येऊन सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. थोरली जाऊ मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तिथं वळखीचं कोणीच नसते का वं?"

"कोणीच नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी भांडी लावता लावता ती म्हणाली, "मलेही ने. एक रात मले अशा जागी झोपाचं आहे, जिथं कोणाचं जेवण राहिलं म्हणून मले उठा लागत नाही."

मी हिशेब करून पाहिला. एकोणिसाव्या वर्षी ती वर्ध्याकडून लग्न होऊन आमच्या घरी आली. तेव्हापासूनच्या छत्तीस वर्षांत ती एक तर या घरात झोपली, नाही तर माहेरी, नातेवाइकांकडे, मंगल कार्यालयात, आणि सासूबाईंच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर. जानेवारीच्या अखेरीस तिचं पुण्याचं तिकीट होतं, मुलीच्या बाळंतपणासाठी. परत कधी यायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि नातवंड झाल्यावर ते कसं ठरतं हे आम्हा दोघींना माहीत होतं. म्हणजे तिच्या त्या एका रात्रीला हातात एक महिना होता.

सायकल ती माहेरी चालवायची; मैत्रिणीची एक मागून आणली आणि मी तिला भटकणं शिकवायला घेतलं. पहिला धडा असा की अंतराची हाव धरू नये. डांबरावर जेवढं सहज जातो, त्याच्या निम्मं धरावं. दुसरा धडा, टायर जाड आणि खाचांचे हवेत, आणि हवा दगडासारखी टम्म भरायची नाही. अंगठ्यानं दाबलं तर किंचित आत जायला पाहिजे. मुरमावर मग सायकल उड्या मारत नाही. तिसरा धडा, जड सामान खाली आणि मधोमध, हलकं सामान हँडलवर. पाठीवर काहीच नाही. थंडीत नहर कोरडा असतो, तेव्हा पाणी बरोबर घ्यायचं आणि गावागावांतल्या बोरिंगवर भरत जायचं.

सायकलच्या दांड्यांमधल्या त्रिकोणात बसणाऱ्या बॅगा महाग मिळतात, म्हणून आम्ही भनपुरीला ट्रकची तिरपाल, म्हणजे ताडपत्री, शिवणाऱ्याकडे गेलो. त्यानं माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "दीदी, ये कौन-सी गाड़ी का पर्दा है?" मी सायकल म्हटल्यावर त्यानं चष्मा लावला आणि पुन्हा पाहिलं. पण बॅगा शिवल्या मात्र अशा, की आमच्या मरणानंतरही टिकतील. बांधायचे पट्टे आणि डबे गोल बाजारातून आणले.

मग सगळं सामान लादून कॉलनीतच एक चक्कर मारायची असते. हे कुणी चुकवू नये, कारण जे गळायचं, सुटायचं, पडायचं ते घराजवळच पडलेलं बरं. आम्ही चौबे कॉलनीच्या गल्ल्यांतून निघालो, आणि तिसऱ्या गल्लीत एका बाईनं जाऊबाईंना फेरीवाली समजून फाटकातून थांबवलं आणि विचारलं, की पोतं काय भाव. जाऊबाई म्हणाल्या, "आज नाही, उद्या या." आणि पुढं गेल्या. या बाईचं सायकलवर जमणार, हे मला तिथंच कळलं.

घरी येऊन आम्ही वजन केलं. मी टूथब्रशचा दांडा कापायला सांगितला, तो तिनं कापला. लाटणं काढून ठेवलं. शंकरपाळ्यांच्या डब्यावरून वाद झाला आणि डबा अर्धा झाला. साडेसात किलोवर काटा थांबला तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींना टाळी दिली.

चूक इथून पुढं झाली. थोरले दीर रेल्वेतून निवृत्त झालेले. कुणी गाडी गाठायला निघालं की त्यांच्या अंगात संचारतं. त्यांनी माझा नकाशा मागितला आणि मी मूर्खासारखा दिला. संध्याकाळी जेवताना त्यांनी तो परत केला, तेव्हा त्यावर लाल पेनानं दोन गोल होते.

"रस्त्यात आपले दोन दोन घरं आहेत अन् तुम्ही तंबूत काहून झोपून राहिल्या? दुपारी आतेभावाकडे, मुक्काम मावसबहिणीकडे. मी फोन करून टाकले."

आमच्या विदर्भातून आलेल्या घरांत माणूस प्रवासाला निघतो तो असाच, एका घरून दुसऱ्या घरी. वाटेत आपलं माणूस असताना बाहेर झोपणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार आपटणं. जाऊबाई वरण वाढत राहिल्या. मला दिरांचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा.

तरी आम्ही निघालो. शहराबाहेरपर्यंत सायकली मालवाहू ऑटोत टाकल्या आणि अभनपूरच्या अलीकडं काठावर चढलो. दोन्हीकडं कापलेल्या धानाची शेतं, खाली कोरडा नहर, लाल मुरूम, आणि जाऊबाई माझ्यापुढं. तासभर तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी खुश होते. मग एका पुलियावर, म्हणजे नहरावरच्या लहान पुलावर, मफलर गुंडाळलेला माणूस हात हलवताना दिसला. तो दिरांचा आतेभाऊ होता, आणि सकाळी आठपासून तिथं उभा होता.

घरी नेऊन त्यांनी आम्हाला पोहे दिले, मग चिवडा, मग जेवण. निघताना त्या घरच्या सासूनं आमच्या ओट्या भरल्या. सवाष्ण घरून रिकाम्या ओटीनं जात नाही, हे मान्यच आहे. पण सासूनं भरल्यावर सुनेला वाटलं आपण मागं कशाला राहायचं. तिनंही भरल्या. म्हणजे दोघींच्या मिळून चार नारळ, चार ओंजळी तांदूळ, चार ब्लाउजपीस. टूथब्रशचा दांडा कापून वाचवलेल्या वजनाचं मी काय करावं, ते मला समजेना. ओटीचा नारळ वाटेत टाकता येत नाही. मी जाळीच्या पिशवीत घालून दोन तिच्या हँडलला बांधले आणि दोन माझ्या. नवशिक्यांनी हे करू नये. नारळ डोलतात, आणि ते डोलले की हँडल त्यांचं ऐकतं.

गावाबाहेर अर्ध्या तासावर मुरूम भुसभुशीत झाला आणि जाऊबाई नारळांसकट काठावरून घसरून धानाच्या खुंटांत बसल्या. लागलं नव्हतं. मी हसत हसत खाली उतरले आणि पाहते तर त्या रडत होत्या.

"मुक्कामाले पोहचलो का पाच मिनिटांत मी स्वयंपाकघरात असन," त्या म्हणाल्या. "ती म्हणन, वहिनी तुम्ही बसा. अन् मी म्हणन, द्या वं, मी चिरून देतो. मले माहीत आहे ना मी कशी आहो. मले बसताच येत नाही ओळखीच्या घरी."

पुढं नहर फाटत होता. डावीकडचा मोठा फाटा मावसनणंदेच्या, म्हणजे दिरांच्या त्या मावसबहिणीच्या, गावाला जाणारा. उजवीकडं एक बारका फाटा, नकाशावर मीच काढलेला, आणि त्याच्या टोकाला एक गाव, जिथं आमच्या सात पिढ्यांतलं कुणी नव्हतं. मी बोटानं तो दाखवला. जाऊबाईंनी डोळे पुसले आणि फोन काढला.

आतेभाऊ आणि मावसबहीण एका लग्नातल्या रुसव्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. हे खानदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण त्याचा कुणाला काही उपयोग होईल असं आजवर वाटलं नव्हतं. जाऊबाईंनी मावसनणंदेला फोन लावला. "आमी इकडेच राहून गेलो. हो ना, हे लोक सोडूनच नाही राहिले." पलीकडून एक थंड "बरं" आलं. आता ती काही खात्री करायला तिकडं फोन करणार नव्हती, आणि तिकडचे इकडं करणार नव्हते. मग त्यांनी नवऱ्याला फोन केला आणि म्हणाल्या, "पोहचलो." कुठं, ते दिरांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. खोटं बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. चोवीस वर्षं मी हिला साधी समजत होते.

हे सगळं पुढं आठ दिवसांत उघडकीला आलं आणि घरात व्हायचं ते झालं. सूत्रधार मीच ठरले. जाऊबाईंनी ते मोठ्या मनानं ठरू दिलं.

उन्हं कलायच्या आत आम्ही त्या गावी पोहोचलो. नवख्यांसाठी शेवटचा धडा हा की गावाला न विचारता तंबू ठोकू नये. आम्ही शाळेजवळ थांबलो आणि कोटवाराला, म्हणजे गावाच्या चौकीदाराला, निरोप पाठवला. पिकलेल्या मिशांचा माणूस काखेत वही घेऊन आला. दोन प्रौढ बायका, दोन सायकली आणि चार नारळ त्यानं नीट पाहून घेतले.

"काकर घर आय हव, दीदी?" कुणाच्या घरी आलात, असं तो छत्तीसगढीत विचारत होता.

जाऊबाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. त्यांना ते वाक्य चवीनं बोलायचं होतं. "काकरो घर नहीं," त्या म्हणाल्या. कुणाच्याच नाही.

त्यानं मान डोलावली, शाळेचा ओटा दाखवला आणि वही उघडली. बाहेरगावचं कुणी मुक्कामाला राहिलं की नाव लिहून घ्यायची त्याची रीत होती. मी पुढं होऊन माझं नाव सांगितलं. मग त्यानं जाऊबाईंकडं पाहिलं, आणि त्यांनी एक नाव सांगितलं, जे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, ही आणखी एक थाप. तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, नाव काहून खोटं सांगितलं? खरं सांगून काय बिघडत होतं?"

"खोटं नाही वं," तंबूची दोरी खांबाला बांधत ती म्हणाली. "तेच आहे माझं. तुमच्या घरचं नाव तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून देलं ना मले."

सकाळी कोटवाराची बायको चहाची किटली घेऊन आली आणि ओट्याखालून तिनं त्याच नावानं हाक मारली, वर दीदी लावून. जाऊ अजून पांघरुणात होती. सात वाजून गेले होते आणि ती उठली नव्हती. दुसऱ्या हाकेला तिनं आतूनच "हव" म्हणून होकार दिला. आणि चहा तिच्यापर्यंत येईस्तोवर तशीच पडून राहिली.

मी बाहेर स्टोव्ह आवरत होते. माझंही नाव असंच तांदळात बदललं होतं. आदल्या दिवशी वहीजवळ उभी असताना, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं तिथं, ते जुनं नाव मला आठवलंसुद्धा नव्हतं.