गार पाय

अप्पांनी सरळ सौदाच केला होता. खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली, तर दोन वर्षं घरात माझ्या लग्नाचं नाव निघणार नाही. नाही लागली, तर बंगळूरजवळच्या होसकोटेचं स्थळ. मुलाचं तिथे कापडाचं दुकान होतं आणि माणसं काही वाईट नव्हती. मला फक्त ते नको होतं.

मी बॉल बॅडमिंटन खेळायचे. लाल मातीचं मैदान, लोकरीचा पिवळा चेंडू, एका बाजूला पाच जणी. आम्हाला शिकवणाऱ्या अक्का भारी कडक. मैदानाला फेऱ्या, घोटे फिरवणं, झाडाला हात टेकून पोटऱ्या ताणणं. मानेवर घाम आल्याशिवाय रॅकेटला हात लावायचा नाही. नव्या मुली नाकं मुरडायच्या. मला मात्र खेळापेक्षा हेच जास्त आवडायचं, कारण यात कुणी हरत नाही.

त्या नोकरीची निवड चाचणी एका सरकारी कारखान्याच्या मैदानावर होती. नव्वदीच्या सुरुवातीचं बंगळूर आणि डिसेंबरातली सकाळ, स्वेटर काढवत नव्हता. मी सगळं शिस्तीत केलं, घाम आणला. तेवढ्यात निरोप आला की उद्घाटनाला मोठे साहेब येणार आहेत, ते आल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही. आम्हाला रांगेत उभं केलं. साहेब काही येईनात. रस्ते तेव्हा रिकामे असायचे, म्हणजे ट्रॅफिकची सबबही नव्हती. घाम वाळला, पाय गार पडले. मी परत दोन फेऱ्या मारू का म्हणून विचारलं, तर तिथले एक गृहस्थ खेकसले, “स्वल्प, जरा गप्प उभी राहा गं. आता येतीलच.” असा संताप आला होता! पण राहिले उभी. अखेर साहेब आले, हार झाले, भाषण झालं आणि लगेच शिट्टी वाजली.

सुरुवातीच्याच एका चेंडूवर मी पुढे झेपावले आणि मागून कुणीतरी लाथ घातली असं वाटलं. वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. टाचेमागची जाड शीर तुटली होती. फारसं दुखलंसुद्धा नाही. माझ्या जागी दुसरीला उतरवलं आणि मी कडेला बसून तिचा खेळ पाहिला. तिचा हात चांगला होता. नोकरी तिलाच लागली.

मग ऑपरेशन, प्लास्टर, व्यायाम. घरात मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. मी एकदा मोकळेपणी रडावं असं आईला वाटत होतं, पण रडू येतच नव्हतं. जेवायचे, झोपायचे, सांगितलेले व्यायाम करायचे. त्यात एक गोष्ट लक्षात आली. पाय गार असला की मी लंगडायचे. तोच नीट गरम केला की चाल सरळ व्हायची, बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

होसकोटेची माणसं बघायला आली, तेव्हा पायाची बातमी त्यांच्या कानावर गेलेली होती. आई धास्तावली होती. हळूच म्हणाली, “आज तेवढं नीट चाल गं बाई.” मी मागच्या खोलीत गेले. घोटे फिरवले, भिंतीला हात टेकून पोटरी ताणली, जागच्या जागी पावलं टाकत राहिले. मानेवर आलेला घाम पदराने पुसला आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले.

मुलाची आत्या म्हणाली, “दारापर्यंत जाऊन ये बघू.”

गेले, आले. पाऊल कुठे अडलं नाही.

“सरी, ठीक आहे,” आत्या अप्पांना म्हणाली, “लोक उगाच काहीबाही बोलतात. छान चालते की.”

अप्पांचा चेहरा उजळला. साखर वाटली गेली. माझ्याही हातावर चिमूटभर पडली, ती मी खाल्ली. वाटलं मात्र काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून लंगडत मोरीकडे जाताना पहिल्यांदा डोक्यात आलं, की काल पाय गारच ठेवला असता, तर त्यांनीच मला नको म्हटलं असतं.