झोपलेली आई

मी पदवीधर झालो तो सुमनमावशीमुळे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं.

शेजाऱ्यांच्या मुलीला चिखलीतल्या चित्रकलेच्या वर्गाला सोडायला गेलो, तेव्हा तिथल्या मॅडम एका आईचं चित्र काढत होत्या. समोर बाळाला घेऊन बसलेली कामगार बाई रात्रपाळी करून आली होती.

"मॅडम, डोळं मिटायलेत वो. अशी कशी आई दिसंल मी?"

"झोपा खुशाल. जागी आई सगळ्यांनीच काढलीय."

ती खरंच झोपली. मॅडमनी बाळ डाव्या हातावर घेतलं आणि त्या उजव्यानं चित्र काढत राहिल्या. मुलं कुजबुजेनात. दारात मी नकळत चपला काढल्या.

त्याच दिवशी मावशीला पत्र टाकलं: "तुला झोपलेलं मी कधी पाहिलंच नाही. दिवाळीला येतोय. स्वयंपाक मी करीन. तू दुपारी झोप."