दरीतलं पाच तासांचं ऊन

अण्णा जागा पाहिल्याशिवाय पेन्सिल उचलत नसत. बंगळूरात जे. पी. नगरच्या आमच्या ऑफिसातले ते सगळ्यात जुने आर्किटेक्ट. घराचं काम आलं की म्हणायचे, "स्वल्प थांबा, आधी तिथलं ऊन बघून येतो."

के. आर. पुरमला राहणाऱ्या एका इंजिनियरला हिमाचलातल्या आपल्या गावी आईसाठी घर बांधायचं होतं. बंगळूरच्या डिसेंबरातही कानटोपी घालणारे अण्णा ऐन जानेवारीत तिथं गेले, आठ दिवस राहिले आणि खोकला घेऊन परतले. ऊन पावणेदहाला दरीत उतरतं, अडीचला डोंगराआड जातं, हे त्यांनी रोज टिपलं होतं. त्यांनी राहत्या खोल्या दक्षिणेला ठेवल्या. न्हाणीघर आणि कोठार उत्तरेला, थंडी अडवायला. मला म्हणाले, "अगं, पाच तासांचं ऊन मिळतं तिथं. तेवढं घरात धरून ठेवायचं, बस्स."

इंजिनियरला मात्र उत्तरेची हिमशिखरं दिसणारी काचेची भिंत हवी होती. अण्णा म्हणाले, "शिखरं अंगणातून बघा. तुमची आई आत राहणार आहे."

मग ऑफिसच्या मालकांनी मला बोलावून ते काम माझ्याकडे दिलं. नऊ वर्षं मी अण्णांच्या हाताखाली होते. उत्तरेला काच नको, हे मला पुरतं कळत होतं. पण नकाशावर पहिल्यांदाच माझं एकटीचं नाव येणार होतं. मी उत्तरेला काचेची भिंत आखली.

अण्णांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "आई कुठं झोपणार?"

मी काचेलगतची खोली दाखवली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. महिनाअखेरीला काम सोडून ते आनेकलला मुलीकडे गेले.

घराचे फोटो एका मासिकात आले. मी ते आईवडिलांना पाठवले. पहिल्याच हिवाळ्यात इंजिनियरच्या आईला न्यूमोनिया झाला. मुलानं तिला इथं आणलं. आता ती त्याच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसून असते. तिची भाषा शेजारी कुणाला येत नाही. घराला कुलूप आहे.

हे अण्णांना सांगायला, माफी मागायला मी दोन वर्षं लावली. आनेकलला त्यांच्या मुलीनं दार उघडलं. मी नाव सांगितलं.

"माझ्या अप्पांना जाऊन चार महिने झाले."

"अक्का, मला कुणी कळवलं नाही."

"सगळ्या ऑफिसला कळवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळवू नका, असं तेच सांगून गेले."