नऊ मिनिटांची ओळख

आमची पलटण नोव्हेंबरच्या अखेरीस वाराणसी छावणीत आली. मी तेव्हा नाईक होतो आणि पलटणीच्या बॉक्सिंग टीमचा उस्ताद, म्हणजे शिकवणारा. स्वतः मी बेताचाच बॉक्सर होतो. टीम माझ्याकडे आली ती भांडता येत होतं म्हणून, आणि तेही रिंगमध्ये नव्हे, रेशन स्टोअरच्या खिडकीवर. माझी आई आटपाडीच्या आठवडी बाजारात कोंबड्या विकायची. वयाच्या नवव्या वर्षापासून मी तिच्या शेजारी बसून घासाघीस शिकलो. स्टोअरचा हवालदार माणशी दोन अंडी म्हणाला की मी सहापासून सुरुवात करायचो आणि चार घेऊन निघायचो.

टीममध्ये दहा जण होते. रोज ०५५० वाजता फॉल-इन, ओळीत उभं राहून गिनती, मग आठ किलोमीटर पळणं. १००० वाजता बॅगवर काम, १६०० वाजता स्पारिंग, म्हणजे आपसातली सरावाची लढत. रविवारी सुट्टी. डिसेंबर असाच गेला.

जानेवारीत धुकं आलं. सांगली-साताऱ्याच्या माणसाला बनारसचं धुकं सांगून कळत नाही. हात लांब केला तर बोटं दिसत नसत. पोरं मैदानावर पळायची ती मला फक्त बुटांच्या आवाजावरून कळायची. आवाज डावीकडून यायचा आणि माणूस उजवीकडून निघायचा. पहिले दोन दिवस आम्ही हसलो. नंतर हसणं बंद झालं.

चॅम्पियनशिप जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होती. आमच्याकडे साठ किलोच्या गटात माणूस नव्हता. वरच्या गटात दोघे होते. त्यांतला एक लान्स नाईक सुदाम खरात, जालन्याकडचा. वजन भरत होतं त्रेसष्ट किलोच्या आसपास. त्याला बहिणीच्या लग्नाची रजा हवी होती आणि कंपनी कमांडर ती देत नव्हते. मी सुदामला स्टोअरमागे बोलावलं.

"रजा मी मिळवतो. तू साठला उतर."

"पंधरा दिवस पायजेत, उस्ताद."

"आठ."

"आठात चार तर गाडीतच जातेत. हळद लावायची का तिकीट दाखवायचं बहिणीला?"

"दहा. आणि साठ किलो."

"तीन किलो कुठून काढू? हाडं काढून ठेवू का?"

"हाडं राहू दे. पाणी काढ."

तो हसला. सौदा झाला. कंपनी कमांडरांकडून मी दहा दिवस लिहून घेतले.

पाणी काढणं म्हणजे काय ते सांगतो. शेवटचे दोन दिवस पाणी जवळजवळ बंद. अंगाला प्लॅस्टिक गुंडाळायचं, वर रेनकोट, वर कोट, आणि पळायचं. घाम थांबला की तोंडात चिंच धरून डब्यात थुंकायचं. सगळ्या टीम हे करत. कोणी लिहून ठेवत नसे.

बाउटच्या, म्हणजे लढतीच्या दिवशी ०६१० वाजता मी त्याला आमच्या काट्यावर उभं केलं. साठ किलो चारशे ग्रॅम. अधिकृत वजन ०७०० वाजता होतं.

"घाम येईना आता," तो म्हणाला. ओठ फाटले होते.

"चारशे ग्रॅमसाठी बहिणीचं लग्न सोडतोस?"

तो मैदानावर गेला. मी कडेला उभा राहिलो. तो दिसत नव्हता. फक्त प्लॅस्टिकची सळसळ ऐकू येत होती. जवळ यायची, दूर जायची. एका फेरीत ती थांबली. मी घड्याळ पाहिलं. अर्धं मिनिट झालं, एक झालं.

"सुदाम!"

"हाजिर, उस्ताद."

आवाज माझ्या पाठीमागून आला, अगदी कानाजवळून. मी वळलो. तिथे कोणी नव्हतं. सळसळ पुन्हा सुरू झाली, ती समोरून, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. धुक्यात आवाज फिरतो हे मला ठाऊक होतं. मी तसंच समजलो.

०६५५ वाजता साठ किलो बरोबर.

बाउट १५३० वाजता ड्रिल शेडमध्ये होती. त्या दिवशी धुकं दुपारीही उठलं नाही. ते शेडमध्ये शिरलं होतं आणि दिव्यांखाली लोंबत होतं. समोर दुसऱ्या पलटणीचा शिपाई दिवान सिंह, गढवालचा. पहिला राउंड बरोबरीचा. दुसऱ्यात दिवानचा उजवा ठोसा सुदामच्या कानशिलाच्या जरा पुढे बसला. फार जोराचा नव्हता. मी त्याहून जोराचे कितीतरी पाहिले होते. सुदाम खाली बसला. रेफ्रीने गिनती सुरू केली. आठला तो उभा होता. रेफ्रीने विचारलं, "ठीक?" त्याने मान हलवली.

टॉवेल माझ्या हातात होता. फेकला असता तर बाउट तिथेच संपली असती.

ब्रेकमध्ये मी विचारलं, "कुठं आहेस?"

"बनारस."

उत्तर बरोबर होतं. मी टॉवेल खांद्यावर टाकला.

तिसरा राउंड तो आयुष्यात लढला नव्हता इतका सुंदर लढला. एक ठोसा वाया गेला नाही. पण पापणी लवत नव्हती. दम लागलेला दिसत नव्हता. मी त्याच्या कोपऱ्यातून पाहत होतो आणि मला वाटलं, हा लढत नाही, याचे हात लढताहेत. दिवानलाही ते कळलं असावं. शेवटच्या मिनिटात तो मागे मागे सरकत होता. घंटा झाली. पंचांचा निर्णय तीन विरुद्ध दोन. सुदाम जिंकला. दिवानने रिंगच्या मध्यावर येऊन त्याला मिठी मारली आणि लगेच रिंगखाली बसलेल्या आमच्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही.

मी ग्लोव्हची नाडी सोडत होतो.

"उस्ताद, माझी बाउट कधी लागते?" सुदामने विचारलं.

"झाली. जिंकलास."

"बरं," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "किती वाजता लागते?"

१६०५ वाजता तो बाकावरून खाली कोसळला. १६३० वाजता मिलिटरी हॉस्पिटल. डोक्यात रक्त उतरलं होतं. ऑपरेशन झालं. दिवान वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोन रात्री बसून होता, हातांच्या पट्ट्या न सोडता. त्याचा उस्ताद न्यायला आला तेव्हा तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुदाम गेला.

चौकशी झाली. मला चार प्रश्न विचारले. बाउट किती राउंडची? गिनती किती झाली? रेफ्रीने विचारलं का? खेळाडूने तक्रार केली का? वजनाबद्दल विचारलं नाही. कागदावर साठ किलो होतं. आई सांगायची, गिऱ्हाईक पंख उचलून बघत नसेल तर आपण उचलून दाखवायचा नाही. मी दाखवला नाही. अहवालात लिहिलं: खेळातील अपघात, दुसऱ्या राउंडमधील ठोशामुळे. कोणाचा दोष नाही. पण ठोसा कोणाचा, ते नाव कागदावर होतं. माझं नव्हतं.

चार दिवसांनी ट्रेनिंग पुन्हा सुरू झालं. ०५५० वाजता फॉल-इन. धुकं तसंच. मी म्हणालो, "गिनती कर." पोरं उजवीकडून बोलू लागली. एक, दो, तीन. नऊ जण होते. नऊनंतर कोणीतरी म्हणालं, "दस."

कोणी हललं नाही. मी टॉर्च घेऊन ओळीतून गेलो. नऊ चेहरे. डावीकडच्या शेवटच्या पोराचे दात वाजत होते.

"कौन बोला?"

"मैं नौ बोला, उस्ताद. कसम से."

मी पुन्हा गिनती घेतली. नऊ. मग पळायला सोडलं. ही गोष्ट मी वर कळवली नाही. शेडच्या भिंतीचा प्रतिध्वनी असेल, पलीकडच्या गार्डची गिनती असेल. मी कारण शोधत बसलो नाही. पुढचे चार महिने मात्र आम्ही गिनती घेतली नाही. मी चेहरे मोजायचो.

त्या जिंकलेल्या बाउटच्या गुणावर पलटणीला कप मिळाला. त्यावर पलटणीचं नाव कोरलं. मी सांगितलं, सुदामचं कोरा. उत्तर आलं, कपावर खेळाडूंची नावं घालायची पद्धत नाही. मी तीनदा अर्ज केला. चौथ्यांदा टेबलावर मूठ आपटली आणि सात दिवसांची शिक्षा घेतली. तो राग अजून उतरलेला नाही. उतरवायचाही नाही.

हवालदार होऊन मी निवृत्त झालो आणि बनारसलाच येऊन राहिलो. लहुराबीरच्या बाजूला खेळाच्या सामानाचं दुकान काढलं. कोणाच्या शिफारशीशिवाय. गेल्या वर्षी भाद्रपदात बॉक्सिंगच्या लढती भरवणारा एक आयोजक दुकानात आला. रिंगचे दोर हवे होते, बारा जोड ग्लोव्ह हवे होते, आणि प्रमुख पाहुणा म्हणून मीही.

"हवलदार साहब, बॉक्सिंग की वो पुरानी इज़्ज़त वापस लानी है," तो म्हणाला आणि फोनवर पोस्टर दाखवलं. दोन पोरं तोंडाला तोंड भिडवून एकमेकांना शिव्या देताना. वर लिहिलं होतं, बदला.

"कसला बदला? यांचं भांडण काय?"

"झगड़ा कुछ नहीं, अंकल. करवाया है. पब्लिक को चाहिए."

मी सौदा घातला. "ग्लोव्ह खरेदीच्या भावात देतो. पोस्टर फाडायचं. वजन आदल्या दिवशी नाही, लढायच्या तासभर आधी. सुकलेला पोरगा रिंगमध्ये चढणार नाही. डॉक्टरने हात वर केला की खेळ बंद."

तो हसला. "अंकल, इतने में तो भजन संध्या हो जाएगी. आपके टाइम में ऐसा क्या अलग था?"

"आम्ही खोटं वागत नव्हतो," मी ओरडलो आणि त्याला ग्लोव्ह फेकून मारला. तो गेला. शेजारचा पानवाला येऊन म्हणाला, "चचा, गिराहक मारने से दुकान नहीं चलती." मी शटर ओढून आत बसलो. जे बोललो ते खोटं होतं, आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं.

आठवड्याने दिवान आला. तो दर पितृपक्षात येतो. त्या वर्षी चौथी खेप होती. पहिल्यांदा आला तेव्हा मीच त्याला आमच्या गुरुजींकडे नेलं होतं. गुरुजी, म्हणजे श्राद्ध-तर्पण करवणारे मराठी भटजी, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतात. त्यांच्या घराण्याला बनारसमध्ये किती पिढ्या झाल्या ते त्यांनाच नक्की सांगता येत नाही. तर्पणात ज्याला पाणी द्यायचं त्याचं नातं उच्चारावं लागतं. गुरुजींनी विचारलं होतं, "रिश्ता काय? भाई? दोस्त?"

"नहीं, पंडित जी. लड़ा था उनसे."

"दुश्मन? दुश्मनाला कोण पाणी देतो, बाबा? सखा म्हणून टाकू."

"सखा झूठ होगा. कुल नौ मिनट की पहचान है."

गुरुजी शेंडीवरून हात फिरवत बसले होते. मग म्हणाले, "एक शब्द आहे. प्रतिमल्ल. आपल्यासमोर जोडीला उभा राहिलेला." गोत्र ठाऊक नव्हतं, तेव्हा रीतीप्रमाणे काश्यप धरलं. अस्मत्प्रतिमल्लं सुदामं काश्यपगोत्रं तर्पयामि. दिवानने ते पाठ केलं होतं. आयोजक ज्या इज्जतीची बात करत होता ती मी एवढी एकदाच पाहिली आहे. ती परत येईल का, हे मला विचारू नका. जोवर एक पोरगा दुसऱ्याला या शब्दाने हाक मारू शकतो तोवर ती कुठेतरी आहे. पोस्टरवर नाही.

पहिली तीन वर्षं मी दोन पायऱ्या वर नुसता उभा राहिलो होतो.

त्या सकाळी शिंदे घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पुराच्या पाण्याखाली होत्या. पाणी मातकट, आवाज न करता चाललेलं. दिवान पाण्यात उतरायच्या आधी मी त्याला थांबवलं.

"दिवान, वो तेरे मुक्के से नहीं मरा."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी त्याला सुकवला होता. दो दिन पानी बंद. सुबह चार सौ ग्राम ज़्यादा था. मी पुन्हा पळवला. आणि दुसऱ्या राउंडला टॉवेल माझ्या हातात होता."

"चार सौ?"

"चार सौ."

मला वाटलं मारेल. मारावं असंही वाटलं. तो पाण्याकडे वळला.

"वज़न के टाइम मैं उनके पीछे खड़ा था, उस्ताद जी. होंठ फटे थे, आंखें अंदर. मैंने अपने उस्ताद से कहा, आज काम आसान है. मैं ख़ुश हुआ था."



"झालं का तुमचं? मागं लाईन लागली आहे," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हवालदार, आज तुम्हीही उतरता? नातं काय सांगू?"

"मी शिकवायचो त्याला."

"मग शिष्य. शिष्याला पाणी देता येतं. या."

मी पँट दुमडून उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. गुरुजींनी नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दिवानने परेडच्या आवाजात सांगितलं, "लांस नायक सुदाम खरात!" घाटावरची माणसं वळून पाहू लागली. गुरुजींनी आधी माझं म्हणवून घेतलं, मग त्याचं. प्रतिमल्ल म्हणताना दिवानचा ओला हात आपोआप हनुवटीपाशी गेला आणि मूठ मिटली. डावा पाय पुढे सरकला. त्याला ते ठाऊक नसावं.

तो समोर पाहत होता, पाण्यावर, हातभर अंतरावर, जिथे कोणी नव्हतं. सुदाम त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच होता. दिवानची नजर बरोबर दोन बोटं वर होती.