तोंड बांधलेली नायिका

"बाई बोलते केव्हा?" शेठनी विचारलं.

लोणावळ्यातल्या एका रिकाम्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. शेठ म्हणजे आमच्या चित्रपटाचे वितरक. चित्र पडद्यावर लागण्याआधीच त्यात पैसा घालणारा आणि म्हणून सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारा माणूस. ते सकाळच्या गाडीनं मुंबईहून आले होते. चहाबरोबर चिक्की खात होते आणि आमचे दिग्दर्शक भास्करराव त्यांना गोष्ट ऐकवत होते.

"शेठ, तिला पळवून आणलंय. तोंड बांधलंय. बोलणार कशी?"

"शेवटपर्यंत?"

"शेवटी बाप येतो, सोडवतो. ती त्याच्या गळ्यात पडते. समाप्त."

"म्हणजे बोलपटाची हिरॉइन बोलतच नाही!"

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिक्कीकडे पाहिलं.

मी त्या चित्रपटाचा ध्वनिमुद्रक. युनिटमध्ये मला नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे 'साउंड' म्हणत. त्या काळी चित्राची फिल्म वेगळी आणि आवाजाची वेगळी असे. आवाजाचं यंत्र एका बंद मोटारीत असायचं. मी कानाला हेडफोन लावून त्या मोटारीत बसायचो. बंगल्यातून एक लांब वायर यायची, तिच्या टोकाला मायक्रोफोन, तो बांबूवर टांगलेला. मला शूटिंग दिसत नसे, फक्त ऐकू येई. लोकांना वाटतं की सिनेमावाल्यांनी सगळे सिनेमे बघितलेले असतात. मी ते ऐकलेले आहेत.

हा चित्रपट अगदी तुटपुंज्या भांडवलावर निघाला होता. एक बंगला आणि नट तीन. पळवून आणणारा रंगोपंत, पळवलेली मिसबाई आणि तिचा वकील बाप आबाजी. आबाजी नाटक कंपनीतले. ते फक्त शेवटच्या दिवसांपुरते येणार होते, त्यामुळं त्यांच्या कामाला अजून सुरुवात नव्हती. गाणी नाहीत, नाच नाहीत. भास्कररावांचं म्हणणं, प्रेक्षक श्वास रोखून बघेल. शेठचं म्हणणं, प्रेक्षक गाण्याशिवाय बसतच नाही.

मिसबाईंचं तोंड बांधण्यामागं खरी गोम वेगळी होती. मूकपटांच्या काळात या बाईंचं नाव मोठं होतं. पडद्यावरचं नाव मधुलता, खरं नाव डोरा. अँग्लो-इंडियन, म्हणून युनिटमध्ये 'मिसबाई'. वडील रेल्वेत गार्ड होते, लहानपण लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीत गेलेलं. बोलपट आला आणि बाईंचं काम सुटलं. मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांची आवाजाची चाचणी झाली. हातात संस्कृत शब्दांनी भरलेला कागद दिला आणि वाचा म्हणाले. बाईंनी वाचलं. स्टुडिओनं पुन्हा बोलावलं नाही. मग बरीच वर्षं त्या घरीच होत्या. भास्कररावांनी त्यांना गाठलं ते याच हिशेबानं. चेहरा नावाजलेला, मेहनताना कमी, आणि तोंड बांधलं की भाषेचा प्रश्नच मिटला. बाईही हो म्हणाल्या. पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळत होतं, फडकं तर फडकं.

शेठनी कप खाली ठेवला. "शेवटच्या रिळात बाई बापाशी बोलली पाहिजे. चांगलं बोलली पाहिजे. त्या दिवशी मी स्वतः ऐकायला येईन. जमलं नाही तर माझ्याकडे गाणारी मुलगी तयार आहे. तिला घ्या आणि पहिल्यापासून घ्या."

मिसबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना मराठी फारसं कळत नाही अशी आमची सगळ्यांची समजूत, म्हणून कोणी आवाज खाली आणला नाही. त्या आत निघून गेल्या आणि जेवायलाही आल्या नाहीत. मला वाईट वाटलं. पण माझ्या हातात काय होतं? एक बटण.

दुसऱ्या दिवसापासून भास्करराव शिकवणीला बसले. बाईंचं वाक्य ठरलं होतं, "बाबा, आपण आलात! माझे प्राण कंठाशी आले होते." बाई ते म्हणायच्या, मी मोटारीत ऐकायचो. एकेक शब्द सुटा, ओल्या दगडांवरून कोणी जपून पाय टाकत जावा तसा. आवाज मात्र चांगला होता. थोडा जाड, भरलेला. यंत्रावरचा काटा एकदम छान हलायचा. पण वाक्यात जीव नव्हता.

"साउंड, दुसऱ्या कोणाचा आवाज घालता येईल?" भास्कररावांनी विचारलं.

"येईल. पण ओठ एक बोलतील आणि आवाज दुसरंच."

"मग बाई पाठमोरी घेतो."

"बाप जिवावर उदार होऊन सोडवायला आलाय आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून बोलते?"

भास्करराव माझ्यावर रागावले. ते रागावले की पान खायचे.

आता रंगोपंतांबद्दल सांगायला हवं. हा आमचा खलनायक. मोठ्या मिशा, दणकट बांधा, आणि अंगात मुंगी मारायची ताकद नाही. तरुणपणी संगीत नाटकांत स्त्रीपार्ट करायचे. बाईंचे हात बांधताना दर वेळी विचारायचे, "लागत नाही ना?" ते माझ्या यंत्रावर मुद्रित व्हायचं आणि शॉट वाया जायचा. भास्करराव खेकसले की रंगोपंत खजील व्हायचे. काथ्याची दोरी बाईंच्या मनगटाला काचते म्हणून त्यांनी ती एके संध्याकाळी धुतली, हातानं मळून मऊ केली आणि बंगल्यामागच्या कुंपणावर, एका वेलीवर वाळत टाकली. मोठ्या मायेनं केलेलं काम होतं ते.

ती वेल खाजकुईलीची होती. दिवाळीनंतर मावळात तिच्या शेंगा पिकतात. शेंगांवर बारीक सोनेरी लव असते. ती अंगाला लागली की माणूस जागेवर राहत नाही. रंगोपंत मुंबईचे, त्यांना ती वेल म्हणजे नुसती वेल.

सकाळी शॉट लागला. प्रसंग असा की रंगोपंत बाईंना खुर्चीला बांधतो आणि बाई सुटायची धडपड करतात. मी मोटारीत बसलो. खंडाळ्याकडे निघालेली मालगाडी जाऊ दिली.

"स्टार्ट साउंड!"

"रनिंग!" मी ओरडलो.

आधी दोरीची करकर ऐकू आली. मग बाईंचं कण्हणं. ते वाढत गेलं. खुर्ची आपटू लागली. इतक्या दिवसांत बाईंनी असा अभिनय केला नव्हता. भास्कररावांनाही राहवलं नाही. त्यांची कुजबुज मला ऐकू आली, "वा, वा, चालू ठेवा!" मग रंगोपंतांचा घाबरा आवाज, "अहो, हिला काहीतरी होतंय. मलाही होतंय!" मग फडकं ओढल्याचा आवाज. आणि त्याच्यामागून माझे कान फुटतील असा एका गावाकडच्या बाईचा खणखणीत आवाज:

"आरं सोड की मुडद्या! खाजकुईली हाय ती! पानी नगं, पानी लावू नगा कुनी, आजून पेटंल! आवं धोंडिबा, शेन आना आदी! बगताय काय नुसतं, डोळं फुटलं का समद्यांचं?"

मला वाटलं, बघ्यांपैकी कोणी बाई शॉटमध्ये घुसली. असले प्रकार व्हायचे. मी हेडफोन फेकला आणि तिला बाहेर काढायला बंगल्यात धावलो.

"कोण बाई आत शिरली? हाकला तिला!"

भास्करराव तोंड उघडं टाकून उभे. कॅमेरामन हँडलवर हात ठेवून उभा. रंगोपंत खांबाला पाठ घासत होते. आणि मधोमध खुर्चीत आमच्या मधुलतादेवी, गोऱ्यापान, लाललाल, "शेन कुटं हाय? व्हा की म्होरं!" म्हणून ओरडत होत्या.

बंगल्याचा माळी धोंडिबा घमेलं घेऊन आला. बाईंनी दोन्ही हातांना कोपरापर्यंत शेण फासलं, मग रंगोपंतांना समोर बसवून त्यांनाही फासलं. ते वाळलं की सोलून काढायचं, लव त्याबरोबर निघते. रंगोपंत डोळ्यांत पाणी आणून सारखे म्हणत होते, "बाई, मला क्षमा करा."

"आसू द्या वो. तुमाला काय ठावं," बाई म्हणाल्या.

मी धोंडिबाला बाजूला घेतलं. "बाईंना मराठी येतं?"

"व्हय की. रोज बोलत्यात माज्यासंगं. तुमी कुनी कदी इच्यारलंच न्हाई."

शेण वाळेपर्यंत बाई व्हरांड्यात बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. आई लहानपणीच गेली. वडील गाडीवर. सांभाळायला जवळच्या भाजे गावची एक मावशी होती, पोर तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. मराठी आलं ते तिचं.

"मग मुंबईला का नाही बोललात असं?" भास्कररावांनी विचारलं.

"बोलले व्हते. चाचनीच्या आदी. तितली मान्सं लय हसली. म्हनली, मेमसायब धारा काढाया जाती का काय. तवापासनं म्या त्वांडच बंद केलं."

हसू कोणालाच आलं नाही. मला तर त्या मुंबईच्या माणसांचा संताप आला.

"भास्करराव," मी म्हणालो, "आबाजींचं काम अजून सुरू व्हायचंय. त्यांना वकील कशाला ठेवता? मावळातले पाटील करा. जमीनजुमला आहे, मुलगी पुण्याला बोर्डिंगात शिकते, म्हणून आधीच्या शॉटांत साडी पाचवारी. भ्यायल्यावर ती घरचंच बोलणार."

"नायिका गावठी बोलली तर लोक हसतील."

"परत हसतील," बाई हळूच म्हणाल्या. तेवढं एकच वाक्य त्या पुन्हा जपून बोलल्या.

तेव्हा रंगोपंत बोलले. हातभर शेण, मिशा वाकड्या झालेल्या. "बाई, मी या मिशांची जागा रोज दोनदा भादरून लुगडं नेसून उभा राहायचो. पडदा वर गेला की लोक हसायचे. मी हसू द्यायचो. पहिलं पद संपेतो तेच लोक उपरणं डोळ्यांना लावायचे. हसतात ते नुसत्या कानानं, मनापर्यंत पोचायला वेळ लागतो. जरा वेळ द्या त्यांना."

बाई बराच वेळ हातांवरचं शेण सोलत राहिल्या. "बगू," म्हणाल्या.

भास्कररावांनी पान खाल्लं आणि संवाद नव्यानं लिहायला घेतले.

शेवटच्या रिळाच्या दिवशी शेठ आले. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. बंगल्यात गर्दी नको म्हणून मी त्यांना माझ्या मोटारीत बसवलं आणि जोडीचा हेडफोन दिला. त्यांनी तो टोपीवरून घालायचा प्रयत्न केला, मग टोपी काढली. मला खरंच धास्ती वाटत होती. रॉ-फिल्म, म्हणजे कोरी फिल्म, संपत आली होती. शॉट एकदाच घेता येणार होता.

"स्टार्ट साउंड!"

"रनिंग!"

दार उघडलं. आबाजींच्या वहाणा वाजल्या. फडकं सुटलं. भास्कररावांनी लिहिलेलं वाक्य होतं, "आबा, तुमी आला! मला वाटलं, मी आता मरते." मी त्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही. नुसता श्वास. मी आवाजाचं बटण हळूहळू वर घेतलं. आता भास्करराव 'कट' म्हणणार, असं मनात आलं. आणि मग अगदी खालच्या आवाजात बाई म्हणाल्या,

"आबा... तुमी हितं, मंग गुरं कुनी सोडली?"

आबाजी जुने नट. त्यांनी सांभाळून घेतलं. "सोडली गं. सोडली शेजाऱ्यानं."

"वासराला पाजलं?"

"पाजलं, बाय माजी. चल तू घरला."

"लय येळ लावला वो आबा तुमी," असं म्हणून बाई ज्या रडायला लागल्या, ते भास्कररावांनी लिहिलेलं नव्हतं आणि मला ते अजूनही ऐकू येतं. काटा थरथरत होता.

"कट!"

शेठ हेडफोन काढेनात. डोळे मिटलेलेच.

"ही कोण बाई?" त्यांनी विचारलं.

"आपल्या मिसबाई."

"थट्टा करू नका. पुन्हा ऐकवा."

"शेठ, ही ग्रामोफोनची तबकडी नव्हे. फिल्म धुऊन येईपर्यंत परत ऐकता येत नाही."

ते उठून बंगल्यात गेले, मी मागोमाग. बाई आबाजींच्या उपरण्याला नाक पुसत होत्या. शेठना बघून त्या ताठ उभ्या राहिल्या. निकाल ऐकायला उभं राहावं तशा.

"दुसरी मुलगी नको," शेठ म्हणाले. "पण भास्करराव, मला एक कळत नाही. एवढी बोलणारी बाई हाताशी असताना तुम्ही तिचं तोंड कशाला बांधून ठेवलंत? आधीच्या रिळांतही तिचं तोंड सोडा, ते शॉट पुन्हा घ्या. जादा फिल्मचं मी बघतो."

भास्करराव पानाचा डबा शोधू लागले. बाईंनी मात्र रंगोपंतांचा हात धरला आणि मोठ्यानं हसल्या. इतकं मोकळं हसणं मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

चित्रपट बरा चालला. शहरात बेताचा, पण फिरत्या सिनेमाच्या तंबूंतून खेड्यापाड्यांत जोरात. पुण्याच्या एका साप्ताहिकानं नायिकेची भाषा असंस्कृत म्हणून झोडपलं. वडगावच्या तंबूत मी मागं उभा होतो. बाईंनी तोंड उघडलं तसे लोक हसले. मग गुरांचा प्रश्न आला आणि बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला, त्यापाठोपाठ सगळ्यांनीच. मधुलताबाईंना पुढं भरपूर काम मिळालं. सगळ्या भूमिका पाटलाच्या लेकीच्या. भेटल्या की तक्रार करायच्या, "साउंड, आता मला कुनी वकिलाची पोर करत न्हाई वो." पण तक्रार करताना चेहरा सुखी असायचा.

मी त्यानंतर खूप नटनट्यांचे आवाज तपासले. कोणाच्याही हातात कागद दिला नाही. समोर बसवतो, यंत्र चालू करतो आणि विचारतो, तुमच्या घरी शेवटचं भांडण कशावरून झालं ते सांगा. पहिली दोन वाक्यं माणूस लाजतो. तिसऱ्याला घरचं बोलतो आणि काटा हलतो.